एका फेरीत दोन हादरे

आत्याच्या गुडघ्यानं ऐन हंगामात दगा दिला नसता, तर गुरुवारी गाडी कोण नेणार हा प्रश्न घरात निघालाच नसता. पण माळ्यावरून रिकामे ट्रे उतरवताना शिडीला अजून एक पायरी आहे असं धरून तिनं पाय टाकला, आणि पायरी नव्हती. डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि सहा आठवडे क्लचला पाय लावायचा नाही असं बजावलं. आत्यानं विचारलं, "आणि ब्रेकला?" डॉक्टर हसले नाहीत.

आत्याचं अंडी उबवण्याचं केंद्र होतं. निम्मी अंडी ती स्वतःच्या यंत्रात उबवून पिल्लं विकायची. उरलेली ताजी अंडी दर दुसऱ्या गुरुवारी डोंगरावरच्या पाच-सहा शेतांवर पोचवायची. तिथली माणसं ती अंडी आपल्या कोंबड्यांखाली उबायला ठेवायची. तीनशे अंडी, दहा ट्रे. पहिले अठरा किलोमीटर कालव्याकाठचा सरळसोट डांबरी रस्ता, आणि पुढचे बावीस किलोमीटर नुसता म्हणायला रस्ता: दगड, चढ आणि दोनदा ओढा. तिथं चारही चाकांना जोर देणारी गाडीच लागते. आत्याकडे होती. जुनी, उंच, पत्र्याची. उभ्या चढाला चिकटून राहते म्हणून तिचं नाव घोरपड.

गेले दोन महिने घोरपडीला थरथर लागली होती. पन्नासपर्यंत बसणाऱ्याला फारसं जाणवायचं नाही. पंचावन्नला तळातून गुणगुण सुरू व्हायची आणि साठला आरशात मागची प्रत्येक गाडी दोन-दोन दिसायची. अंड्यांना हे सोसत नाही, हळू नेलं तरी. आधी शंभरातून ऐंशी-ब्याऐंशी पिल्लं निघायची. गेल्या काही फेऱ्यांत आकडा साठाच्या आसपास घुटमळत असल्याचं कानावर येत होतं. डोंगरावरचा एक म्हातारा तर तोंडावर म्हणाला होता, "बाई, तुमची अंडी इथवर नाचत येतात का हो?"

आत्यानं हे हसून घेतलं होतं. पण घरी आल्यावर जेवली नव्हती.

भाचीला ते माहीत होतं. ती उन्हाळ्यात भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, "पुढचं ठरेपर्यंत" म्हणून आत्याकडे राहायला आली होती आणि पुढचं काही ठरायची चिन्हं नव्हती. येऊन आठवडा झाला नाही तोच तिनं उबवणी यंत्राच्या चारही कोपऱ्यांतलं तापमान मोजून डाव्या मागच्या कोपऱ्यात अर्धा अंश कमी असल्याचं जाहीर केलं. मग विहिरीची पातळी, मग कोंबड्यांची वजनं. सगळं एका निळ्या वहीत. आत्यानं तिला मोजपट्टी म्हणायला सुरुवात केली, आणि पंधरा दिवसांत किराणावालाही तेच म्हणू लागला.

मोजपट्टीला गुरुवारची फेरी हवी होती. नुसती हौस नव्हती. घरात सगळे तिला हुशार म्हणायचे, पण ज्यात काही फुटू शकतं असं काम अजून कुणी तिच्या हाती दिलं नव्हतं. "तू मोज, आम्ही उचलतो," हा एकूण घराण्याचा सूर. तीनशे अंडी डोंगरावर एकटीनं नेऊन पोचवायची, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"गाडी थरथरते तोवर माझी अंडी तुझ्या हाती नाहीत," आत्या म्हणाली. हे सोमवारी सकाळी, अंगणात. पाय स्टुलावर, हातात चहा. शेजारी मिस्त्री उभा होता. चौकात गॅरेज असलेला, पोट सुटलेला, गेली अकरा वर्षं घोरपडीची नाडी बघणारा.

"आणि थरथर गेली तर?"

"तर बघू."

"बघू म्हणजे काय? 'बघू'चं काही एकक आहे का?"

"बघा मिस्त्री, ही अशी. भाजीत मीठ घालायचं तरी हिला एकक लागतं."

मिस्त्री दाढी खाजवत म्हणाला, "ताई, थरथर मी काढतो. पण गुरुवारी गाडी मीच नेतो. वर बहीण राहते माझी. सहा महिने झाले, गेलो नाही. ती म्हणते, तुझ्यापेक्षा टपाल लवकर येतं."

आत्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिला असल्या वेळी फार बरं वाटायचं. "ठरलं तर. थरथरीचं कारण जो शोधेल, त्याला गुरुवारची चावी. नुसतं 'गेली' म्हणून चालणार नाही. का होती, ते सांगायचं. आणि कुणीच शोधलं नाही तर मी दूधवाल्याच्या ड्रायव्हरला सांगते."

"तो?" दोघं एकदम म्हणाली. दूधवाल्याच्या ड्रायव्हरच्या हातून दुधाचंसुद्धा दही व्हायचं.

मिस्त्रीनं वेळ घालवला नाही. "चाकं मी गेल्याच महिन्यात बघितली, ठणठणीत आहेत. हा शाफ्टचा प्रकार आहे." गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांच्या आसापर्यंत जाणारा, मनगटापेक्षा जाड असा तो लोखंडी दांडा. इंजिनाचा जोर तोच मागे पोचवतो. "फिरताना एका बाजूला जड झालाय. पंख्याचं एक पातं वाकलं की पंखा कसा डुलतो, तसं."

त्याची पद्धत भाचीला मनापासून आवडली. तिनं ती पुस्तकात कधी वाचली नव्हती. त्यानं शाफ्टच्या गोलाईवर खडूनं चार सारख्या अंतरावर एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले. मग पाण्याच्या पाइपाला लावतात तसली एक क्लिप शाफ्टभोवती आवळली, तिचा स्क्रू एक नंबरवर ठेवला. स्क्रूचं वजन तेवढंच, दोन-चार नाणी असावीत तसं. गाडी कालव्याच्या रस्त्यावर साठला पळवायची, परत यायचं, स्क्रू दोन नंबरवर फिरवायचा, परत पळवायची. जिथं थरथर सगळ्यात कमी, ती हलकी बाजू. तिथं वजन कायमचं लावून टाकायचं.

"काका, हे सुंदर आहे," ती म्हणाली.

"मग? आम्ही काय नुसते पाने फिरवतो होय, शास्त्रज्ञबाई?"

चार फेऱ्या झाल्या. मिस्त्री चालवायचा, भाची शेजारी बसून फोन दोन्ही आसनांच्या मधल्या पत्र्यावर दाबून धरायची. हादरे मोजणारं एक ॲप तिनं त्यावर घेतलं होतं.

"तीनवर जरा कमी वाटली," मिस्त्री म्हणाला.

"चारही वेळा सारखीच आहे."

"तुझा फोन सांगतो. माझी पाठ वेगळं सांगते."

"पाठीला दशांश कळतात?"

"पाठीला पंचावन्न वर्षं कळतात," मिस्त्री म्हणाला. मात्र क्लिप तीनवर ठेवून तो पुन्हा एकदा खाली शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरला होता. "उद्या सकाळी तीनवरच थोडी पुढेमागे करून बघतो. आधी चहा."

भाची मात्र फोनवरच्या आकड्याकडे बघत बसली होती. साठच्या वेगाला सेकंदाला साठ हादरे. आकडे दिसायला सारखे, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे तिला ठाऊक होतं. खरा प्रश्न निराळा होता: तेव्हा शाफ्ट सेकंदाला किती फिरत असतो?

मंगळवारी सकाळी मिस्त्री यायच्या आत तिनं टायरवर खडूची खूण केली, गाडी न्यूट्रलला टाकली आणि अंड्यांचे ट्रे धुणाऱ्या दोन बायांना ढकलायला लावून चाकाची बरोब्बर एक फेरी पूर्ण केली. जमिनीवर अंतर भरलं दोन मीटर तीस सेंटिमीटर. तेवढ्यात शाफ्ट चारपेक्षा किंचित जास्त फेऱ्या फिरला.

"काय गं, गाडी ढकलून डोंगरावर न्यायचा विचार आहे का?" आत्यानं खिडकीतून विचारलं.

"आत्या, साठला शाफ्ट सेकंदाला तीस फेऱ्या फिरतो."

"बरं."

"आणि हादरे साठ आहेत."

"बरं."

"म्हणजे एका फेरीत दोन हादरे! एक बाजू जड असती तर फेरीला एकच बसला असता. काकांची क्लिप कितीही फिरवली तरी काही होणार नाही. हा वजनाचा दोषच नाही."

आत्यानं कप खाली ठेवला. "हे त्यांना जरा प्रेमानं सांग. माणूस कालपासून चार आकडे उराशी धरून बसलाय."

प्रेमानं सांगितलं तरी मिस्त्रीला ते लागलंच. "फेरीत दोन, तर मग क्रॉस," तो म्हणाला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना अधिक चिन्हासारखे तुकडे असतात, ज्यांच्यावर तो वाकूनही फिरू शकतो. गॅरेजात त्यांना क्रॉस म्हणतात. त्यानं दोन्ही क्रॉस पकडून हलवले, कान लावला, बोटानं तपासले. दोन्ही घट्ट, नव्यासारखे. तो कपाळाला हात लावून उठला. "आता चहाच. ताई, दोन बिस्किटंही द्या. डोकं चालत नाहीये."

तो ओसरीवर गेला आणि भाची एकटीच गाडीखाली पाठीवर पडून राहिली.

तिनं कॉलेजात शिकलेलं एकेक आठवायला सुरुवात केली. वाकलेल्या सांध्यातून फिरताना शाफ्ट एकसारखा फिरत नाही. एका फेरीत दोनदा जरा पुढे पळतो, दोनदा जरा मागे रेंगाळतो. पुढच्या टोकाचा सांधा पळवतो, त्याच वेळी मागच्या टोकाचा सांधा रेंगाळवतो, आणि दोघांचं भांडण बाहेर कुणाला कळत नाही. नणंद-भावजयीनं पाहुण्यांसमोर सांभाळून घ्यावं तसं. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांची, क्रॉस धरून ठेवणारी बेचकी एकाच सरळ रेषेत असावी लागतात. एक उभं असेल तर दुसरंही उभंच हवं.

तिनं मान वळवून पुढचं बेचकं बघितलं. उभं. मागचं बघितलं. चिखल होता. चिखल बोटानं पुसला.

मागचं तिरकं होतं. फार नाही, घड्याळाचा तासकाटा बारावरून पाऊण तासाइतका सरकावा तेवढं.

तिला पहिल्यांदा इतका आनंद झाला की उठताना कपाळ सायलेन्सरवर आपटलं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. गाडी खालीवर उसळली की लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून एक तुकडा दुसऱ्यात सरकतो. त्यांना सोळा खाचा. कुणीतरी कधीतरी ते दोन तुकडे वेगळे करून परत जोडताना एक खाच चुकवली होती. एक खाच म्हणजे साडेबावीस अंश. जमलं! सापडलं! कुठल्यातरी बेफिकीर माणसानं...

इथं तिचा आनंद थांबला.

मिस्त्रीनं हा सरकता सांधा कधी उघडलाच नव्हता. कालच तो म्हणाला होता. आत्यानं उघडला असेल तर अकरा वर्षांपूर्वी, गाडी घेतली तेव्हा. आणि थरथर दोन महिन्यांची.

निळी वही शेजारीच होती. सोमवारी सकाळी तिनं त्यात संशयितांची यादी केली होती, आणि पहिलीच ओळ होती: "शाफ्टचा सरकता सांधा: मी स्वतः साफ केला आहे. ठीक." त्यावर बरोबरची खूण. तिनं पानं मागे उलटली. दोन महिन्यांपूर्वी आत्यानं तिला सांगितलं होतं, "शाफ्टला जरा ग्रीस मार." म्हणजे पंपाचं तोंड लावायचं आणि तीन दाब द्यायचे, काम संपलं. मोजपट्टीनं सांधा पुरता उघडला होता. नोंद अशी होती:

"जुनं ग्रीस पूर्ण काढलं. नवं चाळीस ग्रॅम. सोळा खाचा, झीज नाही. दोन्ही तुकड्यांवर प्रत्येकी एक लाल ठिपका, बहुधा नखांचा रंग. प्रयोजन अज्ञात. रॉकेलनं निघाला नाही. ॲसिटोननं काढला. आता स्वच्छ."

ते ठिपके कशासाठी होते, हे आता अज्ञात नव्हतं. ठिपक्यासमोर ठिपका आणून जोडायचं, एवढंच. ग्रीसचे ग्रॅम तिनं मोजले होते, खाचा मोजल्या होत्या, आणि जी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती रसायन आणून पुसली होती.

ओसरीवरून मिस्त्रीच्या चहाच्या भुरक्यांचा आवाज येत होता. भाचीनं चार बोल्ट काढले, सांधा सरकवून बाहेर घेतला, एक खाच फिरवून आत घातला. दोन्ही बेचकी एका रेषेत. शाफ्टवर विनाकारण वजन नको म्हणून तीन नंबरवरची क्लिप सोडवून खिशात टाकली आणि बोल्ट पुन्हा आवळले. वीस मिनिटं लागली. कुणी बघितलं नव्हतं.

ती हात पुसत बाहेर आली, तोंड उघडणार, तोच मिस्त्री चावी फिरवत आला. "चला, शेवटची चाचणी. काही करायचं नाही, आहे तसंच परत एकदा. मला अजून तीनवर विश्वास आहे."

"मीपण येते," आत्या म्हणाली आणि काठी टेकत मागच्या आसनावर पाय लांब करून बसली. "अंड्यांच्या जागी बसून बघते. त्यांचं दुःख कळेल."

कालव्याचा रस्ता लागला. पन्नास. पंचावन्न. साठ. पासष्ट. गाडी रेशमासारखी चालली होती. आरशात मागून येणारा ट्रॅक्टर एकच दिसत होता.

मिस्त्रीनं स्टिअरिंगवर थाप मारली. "तीन! म्हटलं नव्हतं? रात्रीतून क्लिप जागेवर बसली नीट! ताई, बघा, पाठीला कळतं!"

"खरंच की हो," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात दोन महिन्यांत नव्हता असा सैलपणा आला होता. "मिस्त्री, तुम्ही जिंकलात. आता बहिणीला कळवा, टपालाच्या आधी पोचतोय म्हणून."

भाची फोनवरची सपाट रेघ बघत बसली. तिला स्वच्छ दिसत होतं. गप्प बसलं तर चावी मिस्त्रीला, आणि ॲसिटोनची गोष्ट वहीत गाडलेली. चावी हवी असेल तर कारण सांगायला हवं, आणि कारण तर तीच होती. शिवाय मिस्त्री पुढच्या प्रत्येक थरथरत्या गाडीला तीन नंबरवर क्लिप लावत बसला असता. याचाच तिला जास्त त्रास होऊ लागला.

एक किलोमीटर गेला. दुसरा जायला आला.

तिनं खिशातून क्लिप काढून समोरच्या पत्र्यावर ठेवली.

मिस्त्रीनं क्लिपकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, परत क्लिपकडे बघितलं. "ही कुठली?"

"तीनची."

गाडी आपोआप चाळिसावर आली. "मग शाफ्टवर काय आहे?"

"काहीच नाही. मागचं बेचकं एक खाच चुकलेलं होतं. मी आत्ता बरोबर केलं."

"चुकलेलं? कुणी चुकवलं? तो सांधा कुणी उघडलाच नाही!" मिस्त्रीचा आवाज चढला. "मी नाही, ताई नाहीत, मग काय उंदरांनी?"

भाचीनं वही उघडली आणि ती नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. एकही शब्द गाळला नाही. "आता स्वच्छ"सुद्धा वाचलं.

तिनं वळून बघितलं तर आत्या दोन्ही हातांनी गुडघा धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगं ए... तो माझा नेलपेंट होता! आयुष्यात एकच बाटली घेतली मी. कुणाच्या तरी लग्नासाठी. नखांना लावायचा धीर झाला नाही, म्हणून शाफ्टला लावला. आणि तू तो... ॲसिटोन आणलंस कुठून?"

"औषधांच्या दुकानातून. शंभर मिलिलिटर."

"ऐका, मिस्त्री! मिलिलिटर!"

मिस्त्रीला हसावं की रागवावं कळत नव्हतं. त्यानं गाडी कडेला घेतली. "ताई, हे चालायचं नाही. चोरानंच चोरी शोधून द्यायची आणि वर बक्षीस? मी दोन दिवस पाठ मोडून घेतली. चावी माझी."

"दोन दिवसांची मजुरी देतेच की. आणि तुमची पाठ तर म्हणत होती तीनवर आहे."

"पाठीला फसवलं हिनं!"

"मी काढायला नको होती क्लिप, न सांगता," भाची म्हणाली. "चूक झाली, काका."

"एक झाली म्हणतेस? आकडे नीट घे."

आत्यानं डोळे पुसले आणि थोडा वेळ कालव्याच्या पाण्याकडे बघितलं. बोलली तेव्हा हसू ओठांवर होतं, आवाजात नव्हतं. "असं बघा, मिस्त्री. गुरुवारी तुम्ही गेलात आणि वाटेत अंडी फुटली, तर तुम्ही येऊन मला काय सांगाल?"

"रस्ता फार खराब झालाय, ताई."

"किती फुटली ते?"

"असतील... थोडीफार."

"आणि ही?"

मिस्त्री नाइलाजानं म्हणाला, "ही सांगेल, चौदा. त्यातली नऊ तिच्यामुळे."

"मला तेच हवंय. दोन महिने कुणी मला धड आकडा दिलेला नाही. डोंगरावरची माणसं लाजेनं नुकसान कमी सांगतात आणि मी लाजेनं विचारत नाही." तिनं पुढे वाकून इग्निशनमधल्या चावीकडे बोट केलं. "काढा ती. द्या तिला. तुम्ही शेजारी बसून जा, बहिणीकडे उतरा."

"म्हणजे मी एकटी नाही जायचं?" भाचीच्या तोंडून निघून गेलं.

"बहिणीचं घर पहिल्या ओढ्याअलीकडे आहे. पुढे एकटीच आहेस. आणि ओढ्यात बंद पडलीस तर हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर हा माणूस असावा, एवढंच मला हवंय."

मिस्त्रीनं चावी काढली, हातात तोलली आणि दिली. "क्लिप ठेव तुझ्याकडेच," तो म्हणाला. "नाही तर मीच कुणाला तरी विकेन शास्त्र म्हणून."

गुरुवारी दुपारी अडीच वाजता आत्याचा फोन वाजला. पहिल्या घंटेलाच उचलला.

"पोचले. शेवटच्या शेतावर आहे."

"किती?"

"दोन फुटली. एक दुसऱ्या ओढ्यात, मी गिअर उशिरा टाकला. दुसरं उतरवताना, हातातून."

"कुणाच्या हातातून?"

"माझ्या."

पलीकडून कोंबड्यांचा कलकलाट आणि त्या म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येत होता. ट्रेमधली अंडी तो स्वतः मोजत होता, आणि भाची त्याला मधेच थांबवून सांगत होती की आजोबा, सत्तेचाळीस तुम्ही दोनदा म्हणालात.

"मोजू दे गं त्याला," आत्या म्हणाली. "आणि उजेडात परत ये. पंचावन्नच्या वर जाऊ नकोस."

"का? आता साठला काही होत नाही."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "ते अंड्यांसाठी नाही सांगत."